पाण्यावरची कवायत

२ फेब्रुवारी

छोट्या,

वर आशीर्वाद लिहायचा की नाही, यात दोन कागद फाडले. शेवटी नुसतंच नाव लिहिलं. ते वाचून तू कागद बाजूला ठेवला नाहीस, एवढं धरून पुढे लिहिते.

फोन तू उचलत नाहीस. तुझा सध्याचा पत्ता तुमच्या कचेरीतून मिळवला. तिथल्या माणसाने आधी विचारलं, "तुम्ही साहेबांच्या कोण?" मी म्हटलं, बहीण. तो म्हणाला, "म्हणजे तुमचेच मिस्टर ते..." मी हो म्हटलं. मग तो खुर्चीतून उठला आणि उभ्यानेच पत्ता लिहून दिला. हल्ली लोक मला बघून उठतात.

हे गेल्याला आज चोवीस दिवस झाले. मी गेल्या सोमवारपासून कामावर जाते. प्रयोगशाळेत कोणी काही बोलत नाही. सुया, नळ्या, चिठ्ठ्या, यंत्राचा आवाज. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं की पुढची नळी. बत्तीस वर्षं हेच करते आहे, त्यामुळे हात आपोआप चालतात. घरी आल्यावर त्यांना काम नसतं.

होडी धक्क्यावरून शेडमध्ये आणून उलटी ठेवली आहे. शीड कोणीतरी घडी करून घरी पोचवलं. ते ओलं होतं म्हणून मी बाहेरच्या खोलीत दाराच्या आणि कपाटाच्या मध्ये दोरी बांधून वाळत टाकलं. आता वाळलंय. काढलं नाही अजून. स्वयंपाकघरात जायचं तर त्याच्याखालून वाकून जावं लागतं. तुझी भाची म्हणाली, "आई, हे काढ आता." मी म्हटलं, काढते.

ती अजून इथेच आहे. तिचं म्हणणं एकच, "मामाने बाबांना पाहिलं आणि तो निघून गेला." मी तिच्याशी वाद घालत नाही. हो-ला होही म्हणत नाही.

तू मला काहीच सांगितलं नाहीस, म्हणून मला काय माहीत आहे ते लिहिते. चुकलं असेल तर सांग. नऊ जानेवारी, मंगळवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. ह्यांच्या होडीचं सुकाणू मोडलेलं, शीड फाटलेलं, आत गुडघाभर पाणी. फोन भिजून बंद. संकटात पेटवायच्या धुराच्या नळकांड्यांची मुदत संपली होती म्हणून त्याच्या पंधरा दिवस आधी तूच त्या जप्त केल्या होत्यास. ते बरोबरच केलंस. नव्या आणतो आणतो म्हणत ह्यांनी आणल्या नाहीत. मग उरले हात. हे होडीत उभे राहून दोन्ही हात बाजूंनी वर नेत होते आणि हळूहळू खाली आणत होते. तुझी गस्ती नौका तीनशे मीटरवरून गेली. थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या तरंगत्या बोयापाशी सापडले. जॅकेट अंगात होतं. पाणी गार होतं. किती वेळ लागला असेल, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाच-सहा तास. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

यातलं त्या चार वाजून वीस मिनिटांचं सगळं तूच चौकशीत सांगितलंस. तू पाहिलं नाही म्हणाला असतास तर कोणाला कळलंही नसतं. तू म्हणालास, पाहिलं. हात वर-खाली होताना पाहिले, म्हणालास. मग का वळला नाहीस, यावर मात्र तुझं उत्तर नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी तीनदा विचारलं आणि तू तीनदा गप्प बसलास, असं ऐकलं.

ते का, हे मला थोडंफार माहीत आहे असं वाटतं. म्हणून लिहिते आहे. बाकी पुढच्या पत्रात.

ताई


१० फेब्रुवारी

छोट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे मिळालं असावं.

काल तुमच्या नौकेवरचा इंजिनवाला घरी येऊन गेला. मी कामावरून आले तेव्हा तो जिन्यात उभा होता. आत ये म्हटलं तर त्या शिडाखाली वाकून आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. चहा केला, तो तसाच राहिला.

म्हणाला, "ताई, साहेब आत जातील."

मी म्हटलं, "आत म्हणजे?"

"तुरुंगात. चौकशीत असं चाललंय की घरच्या भांडणातून मुद्दाम केलं. साहेब वर्षभर तुमच्याकडे येत नव्हते, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि ते स्वतः तोंड उघडत नाहीत."

"तू होतास ना नौकेवर?"

"होतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"मला इंजिनाचं विचारलं. मी इंजिनाचं सांगितलं."

मग बराच वेळ पायाच्या बोटांकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, मीच पहिल्यांदा बघितलं त्यांना. मी साहेबांना म्हटलं, साहेब, कवायत चालू झाली बघा. साहेबांनी बघितलं. म्हणाले, चालू दे. एवढंच झालं."

रडायला लागला. तुझ्याएवढा बाप्या माणूस. मला त्याला काय सांगावं कळेना, म्हणून गार झालेला चहा गरम करून आणला.

चौकशीतल्या लोकांना कवायत म्हणजे काय ते माहीत नाही. ते बाहेरचे आहेत. आणि ज्यांना माहीत आहे त्यांतलं कोणी सांगत नाही. तूही नाही.

मी हल्ली मागचं फार आठवत बसते. गस्तीच्या बोटीला सगळे 'आपली बोट' म्हणायचे, तो काळ आठवतो का? तुझ्याआधीचे ते दोन म्हातारे साहेब रविवारी आपल्या शिडाच्या होड्यांच्या क्लबच्या धक्क्याला बोट लावायचे. ह्यांनी त्यांचा पंप दोनदा दुरुस्त करून दिला होता. वारा फिरणार असेल तर ते प्रत्येक होडीजवळून जाऊन सांगायचे, "आज लवकर घरी जा, बायको वाट बघते." डॉक्टर म्हणायचे, "माझी नाही बघत, मला राहू दे." आपले दातांचे डॉक्टर. दर वेळी तेच म्हणायचे आणि दर वेळी सगळे हसायचे.

तू एकोणीस वर्षांचा होतास तेव्हा ह्यांनीच तुला पहिल्यांदा सुकाणू धरायला दिलं. तू भीतीने ते सोडून शीडच धरायचास. हे ओरडायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "शीड कुठे पळून जात नाही, छोट्या." तू गस्तीत लागलास त्या दिवशी क्लबमध्ये सगळ्यांना चहा ह्यांनी दिला. आपला माणूस आपल्या बोटीवर गेला, असं झालं होतं.

मग तीन वर्षांपूर्वी त्या एका सहलीच्या होडीत बाकाखाली अमली मालाची पाकिटं सापडली. होडीवाला आपल्या क्लबचा नव्हता. पण वरून नवे मुख्य साहेब आले आणि त्यांच्या लेखी शीड लावून हिंडणारा प्रत्येक माणूस सारखाच झाला. हातभर उंचीचे नंबर रंगवा. तिसऱ्या बोयाच्या पुढे जायला अर्ज करा. डबे उघडा, पिशव्या उघडा. आणि तो भोंगा. वीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाशी शंभर फुटांवरून भोंग्यातून बोलायचं. तेव्हा 'आपली बोट'ची 'त्यांची बोट' झाली, आणि त्या बोटीवर तू होतास.

हे तुझी बाजू घ्यायचे. क्लबमध्ये सगळे तुझ्या नावाने बोटं मोडायचे तेव्हा म्हणायचे, "अरे, त्याला वरून हुकूम आहे. पाकिटं काय झाडाला लागतात?" हे तुला कोणी सांगितलं नसेल. म्हणून लिहिलं.

ताई


१८ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं कार्ड मिळालं. "ताई, चौकशी चालू आहे. तुलाही साक्षीला बोलावतील. अशा वेळी पत्र पाठवणं योग्य नाही. पाठवू नकोस." दोन ओळी. अक्षर नीट काढलं आहेस, जसं वहीत काढायचास तसं.

बरोबर आहे तुझं. मी पाठवणार नाही. लिहीन आणि ठेवून देईन. माझा जबाब झाला की सगळी एकत्र टाकेन.

पाठवायचं नाही म्हटल्यावर लिहायला सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

क्लबचे सेक्रेटरी आले होते. क्लबने ह्यांच्या नावाचा बाक धक्क्यावर बसवायचं ठरवलंय, ते सांगायला. बाक लाकडाचा की दगडाचा यावर दहा मिनिटं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, साक्षीत तुम्हाला काही आडवंतिडवं विचारतील. आपल्याला काही सांगायचं नाही. माणूस बुडत होता, त्याने खूण केली, गस्तवाले निघून गेले. यात अजून काय सांगायचं असतं?"

मी म्हटलं, "कवायतीचं?"

"कसली कवायत? लोक हसतखेळत काहीतरी करायचे, त्याचा इथे काय संबंध? उद्या ते पेपरात आलं तर लोक म्हणतील, ह्यांच्याच थट्टेत ह्यांचा माणूस गेला. क्लबला टाळं लागेल. आणि आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाचं काय होईल?"

 दारात चपला घालताना म्हणाले, "शिवाय वहिनी, ते विचारायला लागले की पहिल्यापासून विचारतात. कोणी केलं, कधी केलं, सगळंच. तुम्हालाही त्रास."

हसून म्हणाले. धमकी देणारा माणूस नाही तो. पण मला कळलं.

कवायत कशी सुरू झाली, ते तुला एका ओळीत माहीत आहे. मी सगळं लिहून ठेवते. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. तू त्या दिवशी रजेवर होतास. तिसऱ्या बोयाशी आमची होडी थांबवली. भोंग्यावर कोणीतरी नवा होता. "हात वर, हात दिसतील असे ठेवा." डबे तपासायला त्यांना पाऊण तास लागला. हात दुखून खाली आले की भोंगा पुन्हा ओरडायचा. वर, खाली, वर, खाली. शेवटी ते हात शाळेतल्या कवायतीसारखे बाजूंनी वर जायला लागले, सावकाश, अगदी शिस्तीत. शेजारी डॉक्टरांची होडी होती. त्यांनी मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली, "एक... दोन... एक... दोन..." आजूबाजूच्या तिन्ही होड्या हसत होत्या. नवा माणूस लाल झाला.

पुढच्या रविवारी गस्तीची बोट दिसली की सगळ्या होड्यांतून कवायत. महिन्याभरात तो रिवाजच झाला.

हे पहिल्या बैठकीतच उभं राहून म्हणाले होते, "दुसरं काहीही करा, पण हे नको. हीच संकटाची खूण आहे. ही वापरून संपवू नका." डॉक्टर म्हणाले, "अहो, बुडताना माणूस मोजत बसतो का?" लोक हसले. हे खाली बसले. परत तो विषय त्यांनी काढला नाही. त्यांचं तसंच होतं, एकदा सांगायचं.

आज इथेच थांबते.


२५ फेब्रुवारी

छोट्या,

साक्षीची नोटीस आली. चार मार्च, सकाळी अकरा.

तुझी भाची परत तिच्या कामावर गेली. जाण्याआधी शीड काढून तिनेच घडी केली. काल फोनवर म्हणाली, "आई, तू मामाला वाचवायला बघणार, मला माहीत आहे. पण त्यासाठी बाबांना विदूषक करू नकोस. ते गेलेत, त्यांना स्वतःची बाजू सांगता येणार नाही." मी म्हटलं, "बाबांची बाजू मी सांगेन." ती म्हणाली, "तू? तू कधी कोणाला काही सांगितलंयस?"

तिने ते टोचून म्हटलं नाही. तिला खरंच आठवत नसावं.

तू आमच्याकडे शेवटचा आलास तो दिवस लिहायचा आहे.

त्या दुपारी तू डॉक्टरांच्या होडीकडे नौका वळवली होतीस. लांबून हात दिसले, तू इंजिन पूर्ण वेगात सोडलंस, दोन माणसांना उडी मारायला तयार ठेवलंस, डॉक्टरांसाठी दोर काढलास. जवळ गेलास तर डॉक्टर म्हणाले, "काय साहेब, कवायत बघायला आलात? या, रांगेत उभे राहा." मग चौकीत तुला सगळे कवायत मास्तर म्हणायला लागले. मुख्य साहेबांनीसुद्धा सगळ्यांसमोर म्हटलं, असं नंतर कळलं.

तू गणवेशातच आलास. पाणी दिलं ते घेतलं नाहीस. हे टेबलाशी बसून दोराला गाठ घालत होते. तू उभ्यानेच विचारलंस, "भाऊजी, मला एकच सांगा. हे पहिल्यांदा कोणी केलं? तुमच्या होडीतून सुरू झालं म्हणतात."

हे म्हणाले, "मी."

तू म्हणालास, "तुम्ही? मला शिकवलंत ते तुम्ही?"

"हो. चुकलं माझं."

"माझी वर्दी तुम्हाला हसायला मिळाली होय?"

ह्यांनी मान खाली घातली. तू माझ्याकडे बघितलंस. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात तुझ्यासाठीचा चहा होता. तू म्हणालास, "ताई, तू होतीस ना होडीत? थांबवलं नाहीस?"

मी म्हटलं, "चहा गार होतोय."

तू गेलास. तुझी पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मी तिथेच उभी होते. मग हे म्हणाले, "जाऊ दे. माझ्यावर रागावला तर निवळेल. तुझ्यावर रागावला तर त्याला दुसरं माहेर नाही." आई गेल्यापासून तुझं जे काही घर होतं ते माझ्यामुळे होतं, असं त्यांना म्हणायचं होतं.

आता तुला कळलं असेल. पण मी सरळ शब्दांत लिहिते, कारण सरळ लिहिलं नाही तर मी पुन्हा चहाचंच बोलेन.

कवायत मी सुरू केली. हात माझे होते. आम्ही दोघं सारखीच नारिंगी जॅकेटं आणि टोप्या घालायचो, लांबून कोण ते कळायचं नाही. डॉक्टरांना आणि सेक्रेटरींना माहीत होतं, बाकी सगळे ह्यांचंच नाव घ्यायचे. मी चारचौघांत कधी बोलणारी नाही, तुला माहीत आहे. आयुष्यात एकदाच मी लोकांना हसवलं. त्या दिवशी घरी येताना मला फार बरं वाटत होतं. आरशात बघून मी पुन्हा एकदा करून पाहिलं होतं.

आणि ह्यांनी ते कधीच केलं नाही. सगळ्या होड्या करायच्या तेव्हा हे सुकाणू धरून बसायचे, तू तिकडून जाताना मान खाली घालायचे. तुला वाटलं असेल, लाजेने घालतात. नऊ जानेवारीला चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी ते हात पहिल्यांदा वर केले. त्या पाण्यावर एकच माणूस असा होता की त्याने हात वर केले तर ते खरं मानायला हवं होतं. आणि तुला वाटत होतं की थट्टा सुरू करणारा तोच.

तू चौकशीत गप्प आहेस, ते त्यांची थट्टा बाहेर येऊ नये म्हणून. माझ्यासमोर माझ्या गेलेल्या माणसाला तू कमी ठरवणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. ज्या थट्टेसाठी तू तुरुंगात जायला निघालास, ती त्यांची नव्हतीच.

एक वर्ष मला फोन उचलून हे सांगता आलं असतं. रोज संध्याकाळी वाटायचं, रविवारी सांगू. रविवारी वाटायचं, तो स्वतःच येईल.

हे पत्रही इतर पत्रांबरोबर ठेवते आहे. नऊ दिवसांचा, नाही, आठ दिवसांचा प्रश्न आहे. अजून मी तिथे जाऊन सेक्रेटरींनी सांगितलं तेवढंच बोलू शकते. मग हे पत्र फाडावं लागेल. खोटं कशाला लिहू, तेही मनात येऊन गेलं.


५ मार्च

छोट्या,

काल जबाब झाला. आता पत्र टाकायला हरकत नाही. आधीची दोन आणि हे, तिन्ही एकाच पाकिटात आहेत, तारखेप्रमाणे वाच. माझ्या जबाबाची प्रत तुला सोमवारपर्यंत कचेरीकडून मिळेल. त्याच्याआधी हे मिळावं म्हणून कामावर जाण्याआधी पोस्टात जाते आहे.

खोली लहान होती. एक मोठं टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी कॅलेंडरं. चौकशी अधिकारी बाई आहेत, माझ्यापेक्षा तरुण. कारकून कॉम्प्युटरवर लिहून घेत होता. डॉक्टर आणि सेक्रेटरी बाहेर बाकावर होते. आत जाताना डॉक्टर उठून उभे राहिले. म्हणाले, "धीर धरा." मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी नजर वळवली. त्यांनाही झोप नसावी, चेहरा पार उतरला आहे.

मी सगळं सांगितलं. एप्रिलचा दिवस, भोंगा, मोजणं, महिन्याभरात कसं पसरलं ते. डॉक्टर तुला जवळ येऊ देऊन कसे हसले ते. हे बैठकीत काय म्हणाले ते. अधिकारी बाई मध्येच म्हणाल्या, "ते कसं करायचे, दाखवता का?" मी खुर्चीवरून उठले आणि दाखवलं. दोन्ही हात बाजूंनी वर, मग सावकाश खाली. तिथे कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "बसा, बसा."

मग कारकुनाने वाचून दाखवलं. त्यात होतं, "सदर खूण मयताने थट्टेदाखल सुरू केली." मी म्हटलं, असं नाही. तो म्हणाला, "तुमच्या होडीतून म्हणालात ना?" मी म्हटलं, "होडीतून, पण मी. 'मयताने' काढा, 'मी' लिहा." तो बाईंकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "तुम्हाला हे जबाबात द्यायलाच हवं असं नाही." मी म्हटलं, प्रयोगशाळेत नळीवर चुकीचं नाव लागलं तर आम्ही अख्खा अहवाल बाद करतो. त्यांनी काढायला सांगितलं. पुढे आणखी एक ओळ घालून घेतली, की मयताने ही खूण नऊ जानेवारीपूर्वी कधीही केली नव्हती, आणि चालकाला, म्हणजे तुला, हे माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं.

मग कारकुनाने विचारलं, "चालकाशी काही नातं?" त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, सख्खी बहीण. त्याने लिहिता लिहिता हात थांबवला. म्हणाला, "बाई, हे लिहिलं की जबाबाचं वजन जाईल. म्हणतील, भावासाठी बोलते आहे. मयताची पत्नी एवढंच लिहिलं तर जास्त जोर राहतो." चांगल्या मनाने सांगत होता. अधिकारी बाई तेव्हा फोनवर होत्या, त्यांनी ऐकलं नसेल.

तुझ्यासाठी ते सोडून द्यावं, असं मला वाटलं. खूप वाटलं. पण एक गोष्ट न सांगितल्याने काय होतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, लिहा.

त्यामुळे जबाब तुझ्या कितपत उपयोगी पडेल, सांगता येत नाही. इंजिनवाला पुन्हा जाऊन सांगतो म्हणालाय, जातो का ते बघायचं. बाहेर आले तेव्हा सेक्रेटरी बाकावर नव्हते. बाकाचं, म्हणजे धक्क्यावरच्या, आता ते काही करणार नाहीत असं वाटतं. तुझ्या भाचीला मी रात्री फोन करून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "ठेवते" म्हणाली आणि फोन ठेवला. परत केलेला नाही.

अजून एक आहे. सगळ्यात शेवटी बाईंनी विचारलं, "तुमच्या मते, हे सगळं धरूनही, चालकाने नौका वळवायला हवी होती का?"

मी हो म्हटलं. शंभर वेळा फसवलं असतं तरी वळायला हवं होतं, असं म्हटलं. पाण्यावर हात दिसला की जायचं, हे त्याला माझ्या मिस्टरांनी शिकवलं होतं, असंही म्हटलं. तेही त्यांनी लिहून घेतलं आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

ते तुला त्या प्रतीत वाचायला मिळण्याआधी माझ्याकडून कळावं.

ताई